हललेले फोटो

आठवीच्या वर्गावर मराठीचा तास चालू होता. निबंधाचे मुद्दे फळ्यावर लिहीत होतो, तेवढ्यात मागच्या बाकावरच्या एका मुलाने विचारलं, “सर, एअर फोर्स में अपने लोग थे क्या?”

‘अपने लोग’ म्हणजे कोण, हे मला विचारावं लागलं नाही. त्याला कुणीतरी काहीतरी बोललं असणार. कोण, कुठे, हेही मी विचारलं नाही. उर्दू माध्यमाच्या शाळेत इतकी वर्षं काढल्यावर असे प्रश्न कुठून येतात ते कळतं. अब्दुल हमीद यांचं नाव आमच्या पोरांना पाठ असतं, पण ते पायदळातले. आकाशातलं कुणी विचारलं की पोरं गप्प होतात.

मी इद्रिस हसन लतीफ यांचं नाव सांगितलं. हैदराबादचे. १९७८ ते १९८१ हवाई दलाचे प्रमुख, आणि त्यानंतर आपल्या महाराष्ट्राचे राज्यपाल. मला वाटलं, विषय संपला. पोरगा म्हणाला, “कौन सा जहाज चलाते थे?” मी म्हटलं, सुरुवातीला वापिटी, मग हरिकेन, स्पिटफायर. “दिखने में कैसे?” मी फळ्यावर एक विमान काढलं. ते पतंगासारखं दिसत होतं आणि वर्ग हसला.

डिसेंबरात दिल्लीला ओखल्यात नात्यातलं लग्न होतं. वलीमा दुसऱ्या दिवशी रात्री. मधली सकाळ मोकळी होती, म्हणून भाच्याचा कॅमेरा मागून घेतला आणि पालमच्या हवाई दल संग्रहालयात गेलो. ही तिन्ही विमानं तिथे एका हँगरमध्ये उभी आहेत, हे मला माहीत होतं. तिथे उजेड किती कमी असतो, ते माहीत नव्हतं.

बाहेर थंडीतलं स्वच्छ ऊन होतं. आत पाऊल टाकलं आणि काही क्षण काहीच दिसेना. मग हळूहळू एक पंख दिसला, मग त्याच्याखाली घुसलेलं दुसऱ्या विमानाचं नाक. विमानं इतकी खेटून उभी की एक पूर्ण चौकटीत घ्यायचं म्हटलं तर दुसऱ्याची शेपटी आत येते. मागे सरकायला जावं तर पाठीला तिसरं.

पहिला फोटो फ्लॅशने काढला. रंगाच्या चकाकीवर उजेड आपटून परत आला आणि फोटोत एक पांढरा ठिपका, भोवती अंधार. फ्लॅश बंद केला. आता कॅमेरा स्वतःच शटर जास्त वेळ उघडं ठेवू लागला, सेकंदाचा आठवा भाग, कधी चौथा. तेवढ्या वेळात हात हलतोच. ऐंशी वर्षांपासूनची ही विमानं, आता जागची हलत नाहीत, आणि माझ्या फोटोत सगळी थरथरताना दिसत होती. भाच्याला फोन केला. तो म्हणाला, “मामू, आयएसओ वाढवा, ३२०० करा.” वाढवला. हलणं कमी झालं, पण काळ्या भागात रवा सांडल्यासारखे दाणे आले.

मी पिशवी जमिनीवर ठेवली, तिच्यावर कॅमेरा टेकवला आणि स्वतः गुडघ्यांवर बसलो. लग्नासाठी नवी शिवलेली पँट होती. बायकोने नंतर त्याचा हिशेब घेतलाच.

असा बसलेलो असताना माझ्याच वयाचे एक गृहस्थ, बहुधा मुलांना घेऊन आलेले, थांबून बघू लागले. ते काही बोलायच्या आतच मी सांगायला सुरुवात केली. मी शिक्षक आहे, महाराष्ट्रातून आलोय, वर्गातल्या मुलांना दाखवायला फोटो काढतोय, शाळेचं ओळखपत्र आहे. ते जरा गोंधळले. म्हणाले, “नहीं नहीं, मैं तो पूछ रहा था, ऐसे साफ आता है क्या?” त्यांचेही फोटो हलत होते.

दाढीवाला माणूस, हातात कॅमेरा, समोर हवाई दलाचं विमान. मला कुणी अडवलं नव्हतं, कुणी हटकलं नव्हतं. तरी खुलासा माझ्या तोंडात तयारच होता. वर्गातल्या पोराने तो प्रश्न मला का विचारला, ते मला शाळेत जेवढं कळलं नव्हतं तेवढं तिथे जमिनीवर बसून कळलं. मीही एका परीने तेच करायला आलो होतो. पुरावा न्यायला.

पुरावे तसे कमी नव्हते. वापिटीसमोर बराच वेळ थांबलो. दोन मजली पंख, मधे तारा ताणलेल्या, अंगावर कापड. ८ ऑक्टोबर १९३२ ला हवाई दल स्थापन झालं आणि १ एप्रिल १९३३ ला कराचीत चार वापिटी विमानांवर त्याची पहिली तुकडी उभी राहिली. त्या पहिल्या पाच वैमानिकांत एक आवान होते. लतीफ १९४२ मध्ये आले, तेव्हा ही विमानं म्हातारी झाली होती, तरी त्यांनी कराचीहून अरबी समुद्रावर गस्त घातली ती असल्याच जुन्या विमानांतून. हे कापड, या तारा आणि खाली समुद्र. मग इंग्लंडला प्रशिक्षण, हरिकेन आणि स्पिटफायर, आणि परत येऊन बर्माची आघाडी.

पलीकडे टेम्पेस्ट उभं होतं. फाळणीत हवाई दलही वाटलं गेलं आणि टेम्पेस्ट विमानं दोन्हीकडे गेली. माणसंही वाटली गेली. लतीफ यांचे जवळचे सहकारी असगर खान आणि नूर खान तिकडे गेले, पुढे दोघेही तिकडच्या हवाई दलाचे प्रमुख झाले. त्यांनी लतीफ यांनाही चला म्हटलं होतं. लतीफ थांबले. तेव्हा ते चोवीस वर्षांचे होते. हे सगळं मुलांना कसं सांगायचं, याची वाक्यं मी तिथेच मनात जुळवत होतो.

शेवटी स्पिटफायर. पिशवीवर कॅमेरा, श्वास धरून सतरा फोटो. त्यातले तीन बरे आले. अंधारातून वर उचललेलं लांबलचक नाक, त्यामागे काचेची छोटी खोली, तिच्यावर झरोक्यातल्या उजेडाची एक रेघ. बाहेर शेजारच्या विमानतळावरून एक जेट उठलं. त्याचा आवाज छतातून खाली उतरला आणि गुडघ्यांखालची फरशी किंचित थरथरली. मी म्हटलं, हाही हलला.

गावी परतल्यावर आठ फोटो छापून घेतले आणि वर्गात बाकांवरून फिरवले. घाईत दोन हललेलेही त्यात गेले. त्या मुलाच्या हातात नेमका तसलाच आला. तो उलटासुलटा करून बघत म्हणाला, “सर, ये जहाज हिला या आप हिले?”

वर्ग हसला, मीही हसलो. मग त्याला चांगला फोटो दिला आणि लतीफ, १९४७, असं सगळं जुळवलेलं बोलायला तोंड उघडलं. पण त्याचं लक्ष फोटोतल्या नाकावर होतं. म्हणाला, “नाक इतना ऊपर है, तो पायलट को सामने का रस्ता कैसे दिखता?”

प्रश्न बरोबर होता. या विमानाचं तिसरं चाक शेपटीखाली असतं, त्यामुळे जमिनीवर ते नाक वर करून बसतं आणि वैमानिकाला समोरचं काहीच दिसत नाही. म्हणून धावपट्टीकडे जाताना तो विमान नागमोडी चालवतो. एकदा डावीकडे वळवून उजव्या बाजूने पुढचं बघायचं, मग उजवीकडे वळवून डाव्या बाजूने. मी फळ्यावर ती वाट काढून दाखवली. ही आकृती बरी जमली.

“लतीफ साहब भी ऐसेच चलाते थे?”

“हो, असंच.”

तेवढ्यात घंटा झाली. माझी बाकीची वाक्यं राहूनच गेली. मधल्या सुट्टीत खिडकीतून पाहिलं तर तो मैदानात दोन्ही हात पसरून, मान मागे टाकून, नाक आभाळाकडे करून नागमोडी पळत होता आणि त्याच्या मागे आणखी चार.