रात्री नऊची पाळी

मोडी लिपी फळ्यावर नीट शिकवता येत नाही. फळ्याशी उभा असलेला मास्तर वर्गाला पाठमोरा असतो आणि मोडीचं सगळं मर्म तर मनगटात. आधी कागदभर आडवी रेघ ओढून घ्यायची आणि मग तिला एकेक अक्षर लटकवत पुढे जायचं, हात होता होईतो न उचलता. काना वेगळा उभा राहत नाही, अक्षराच्याच फटकाऱ्यात मिसळून वर जातो. शब्दाशब्दांत जागा नाही, विरामचिन्हं नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाचा जाच नाही (हे ऐकून विद्यार्थी पहिल्याच दिवशी लिपीच्या प्रेमात पडतात). तक्त्यावरून उतरवलेलं अक्षर दिसायला अगदी बरोबर असतं, पण ते भलत्याच टोकाकडून सुरू झालेलं असतं. पुढचं अक्षर जोडायची वेळ आली की हात अडतो.

२०२०च्या टाळेबंदीत वर्ग बंद पडले तेव्हा लालबागच्या आमच्या खोलीत मी टेबलावर शब्दकोशांचे दोन ढीग रचले, त्यांवर लाकडी पट्टी आडवी टाकली आणि पट्टीच्या टोकाला मोबाइल उपडा बांधला. खाली कागद, बोरू आणि माझा हात. माझा चेहरा कोणाला दिसत नव्हता, त्याने कोणाचं काही बिघडलं नाही. मनगट मात्र प्रत्येकाला पहिल्या बाकावरून दिसत होतं. ऑनलाइन शिकवण्याबद्दल लोक कुरकुरतात, आणि ती कुरकुर बरीचशी खरी आहे. पण या एका विषयाला पडदा फळ्यापेक्षा जास्त मानवला, हे कबूल करायलाच हवं.

वेळ मात्र जमेना. संध्याकाळी सहाला ठेवला तर नोकरदार नाहीत, सकाळी ठेवला तर बायका नाहीत. शेवटी रात्री नऊ ठरलं. खरं तर गिरणगावात राहून हे इतकं शोधायला नको होतं. ना. म. जोशींनी १९११मध्ये सोशल सर्व्हिस लीग काढली आणि गिरणी कामगारांसाठी रात्रशाळा आणि वाचनालयं चालवली. परळचं दामोदर नाट्यगृह याच लीगचं. ज्याला आपले लोक अजून डिलाईल रोडच म्हणतात, त्या रस्त्याला आज जोशींचं नाव आहे. शिकवायचं काय हे नंतर, आधी पाळी सुटते कधी, हा त्या शाळांचा पहिला हिशेब होता. भोंगे थांबले, जानेवारी १९८२च्या संपानंतर गिरण्याच एकेक करून गेल्या, धुराड्यांच्या जागी काचेचे मनोरे आले. माणसं मात्र अजून दमूनभागून रात्रीच मोकळी होतात. माझ्या वर्गात कोणी लोकलमधून उतरता उतरता हजेरी लावतं, कोणी ओट्याशी मोबाइल टेकवून भाकऱ्या थापत ऐकतं.

गिरगावकडचा इतिहास याच्याही मागचा. १८४८ साली एल्फिन्स्टनच्या विद्यार्थ्यांनी आपली साहित्य-शास्त्रीय मंडळी स्थापन केली. तिच्याच पोटात मराठी उपयुक्त ज्ञानप्रसारक सभा निघाली. पुढच्याच वर्षी या पोरांनी मुलींच्या शाळा काढल्या. शिकवायला तेच, बिनपगारी, स्वतःचं कॉलेज भरण्याआधी सकाळच्या वेळात. जगन्नाथ शंकरशेटांनी गिरगावात जागा दिली. सभेत वाचलेले निबंध १८५०पासून ‘मराठी ज्ञानप्रसारक’ मासिकात छापून येऊ लागले, म्हणजे सभेला न आलेल्यालाही ते घरी वाचता येत. मला या प्रकरणात सगळ्यांत आवडतं ते त्यांचं वय. ती स्वतःच अजून शिकत होती. जे काल कळलं ते आज सांगायचं, आणि सांगताना जिथे अडखळू तिथे उद्या परत वाचायचं, हा त्यांचा धडाका असणार.

माझ्या वर्गात हे घडायला वर्षभर जावं लागलं. सुरुवातीला मी बोलत होतो, ते ऐकत होते, तास संपला की एकेक चौकट विझत होती. मुळाक्षरं होईपर्यंत निम्मे गळाले. मोठमोठ्या विद्यापीठांच्या फुकट अभ्यासक्रमांतसुद्धा शंभरातले दहा शेवटपर्यंत पोचत नाहीत म्हणतात, तेव्हा मी फार मनाला लावून घेतलं नाही. पण राहिलेले कोण, हे बघण्यासारखं होतं. हौशी बहुतेक गेले. राहिले ते ज्यांच्या घरी ट्रंकेत कागद होता. गिरणगावात अशी ट्रंक घरोघरी सापडते. आजोबा कोकणातून नाहीतर साताऱ्याकडून आले, गावकीच्या खोलीत राहिले आणि गावच्या जमिनीचे कागद सोबत घेऊन आले, कारण तिकडे ठेवण्याइतका भाऊबंदांवर भरवसा नव्हता. नातवंडांना त्यातलं एक अक्षर लागत नाही आणि टाकूनही देववत नाही.

एका रात्री वर्ग संपल्यावर कोणीतरी व्हॉट्सॲपवर अशाच एका खरेदीखताचा फोटो टाकला. चतुःसीमा लागल्या, पूर्वेस कोण, पश्चिमेस कोण. पण मध्ये एक शब्द सगळ्यांना अडला. पवईच्या एका इंजिनिअर मुलाने तो ‘बारकस’ वाचला आणि हे कोणाचं तरी आडनाव असावं असं ठरवून टाकलं. दादरच्या एका निवृत्त शिक्षिकेने कोश काढला. मीही चष्मा चढवून बसलो. साडेअकराला गुहागरकडच्या एका बाईंनी, ज्या वर्गात कधी तोंड उघडत नसत, एवढंच लिहिलं: ‘अहो, वरकस आहे ते. उताराची जमीन. भात होत नाही, नाचणी-वरी घालतात.’ झालं! पुढची ओळ आपोआप सुटली, कारण त्यात वरीच्या वाट्याचा हिशेब होता.

त्या रात्रीपासून वर्गाचा रंग बदलला. अक्षर ओळखणं वेगळं आणि कागद वाचणं वेगळं. कागद वाचायला कोणाला वरकस माहीत असावं लागतं, कोणाला खाजण, कोणाला जुनी मापं. शुहूर सनाची तारीख आली की ‘इसन्ने सबैन मया व अलफ’ म्हणजे दोन, सत्तर, शंभर आणि हजार, अकराशे बहात्तर. त्यात पाचशे नव्व्याण्णव मिळवले की १७७१ येतं, हे आमच्यातला एक बँकेतला माणूस तोंडी करून टाकतो. त्याची सहा वर्षांची मुलगी ‘इहिदे, इसन्ने, सलास, अर्बा’ जिन्यात उड्या मारताना म्हणते. एवढं सगळं ज्ञान एका मास्तराच्या डोक्यात असायचं कारण नाही. माझं काम बोरू धरून दाखवण्याचं. बाकीचं त्यांना एकमेकांकडूनच मिळतं, आणि ते मिळतं म्हणूनच ते टिकतात.

अर्थात, कागद म्हटले की भानगडी आल्याच. एकाने मोठ्या हौसेने पणजोबांचं खरेदीखत म्हणून टाकलेला कागद गहाणखत निघाला. वाचणारे उत्साहात वाचत गेले, आणि तो गृहस्थ ग्रुपवर पुढे आठवडाभर गप्प. तेव्हापासून नियम केला: कागद टाकण्याआधी गट नंबर आणि हयात माणसांची नावं झाकायची, आणि ‘हे कोणाचं?’ असं कोणी विचारायचं नाही. सप्टेंबर २०२३मध्ये जुन्या कागदांतल्या कुणबी नोंदी शोधण्यासाठी सरकारने न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली आणि मोडी वाचणाऱ्यांना एकदम भाव आला. ग्रुपात नवी माणसं लोटली. त्यांना लिपी नको होती, एक शब्द हवा होता, तोही उद्याच्या आत. मला त्यांचा राग येत नाही; ज्याच्या मुलाचा प्रवेश त्या शब्दावर अडलाय, त्याला बोरूचं कौतुक कुठून असणार? पण वाचून देणं आणि दाखला देणं यांतली रेघ आम्ही पुसू दिली नाही. अधिकृत लिप्यंतरासाठी जिथे जायचं तिथे जा, इथे शिकायचं असेल तर बसा. बरेच गेले. थोडे बसले, आणि त्यांतला एक आता माझ्यापेक्षा झरझर वाचतो.

वर्षातून एकदा आम्ही प्रत्यक्ष भेटतो, बहुतेक दादरला. पहिल्यांदा भेटलो तेव्हा मजाच झाली. मला कोणी ओळखेना! मी बोरू काढून कागदावर रेघ ओढली तेव्हा दोघीतिघी एकदम ओरडल्या, ‘हां, हा सरांचा हात!’

गुहागरच्या त्या बाईंनी गेल्या पावसाळ्यात स्वतःचा वर्ग सुरू केला. मी नमुन्याचे कागद पाठवले आणि सवयीने सुचवलं की रात्री नऊ ठेवा. त्या म्हणाल्या, ‘छे हो सर, आमच्याकडे तेव्हा लाइट असेल तर रेंज नसते.’ त्यांचा वर्ग दुपारी अडीचला असतो, भांडी झाल्यावर आणि गुरं परतायच्या आत. आठ बायका आहेत आणि सगळ्यांच्या घरी कागद आहेत. परवा त्यांनी एक शब्द आमच्या ग्रुपवर टाकलाय. तो अजून कोणाला लागलेला नाही.