कुंकू लावलेलं लॉक

खंडेनवमीच्या आदल्या संध्याकाळी टिळक रोडवरच्या आमच्या आर्किटेक्ट ऑफिसात काम लवकर थांबायचं. ड्रॉइंग बोर्ड, टी-स्क्वेअर पुसायचे, रोट्रिंगची पेनं कोमट पाण्यात धुवायची, ट्रेसिंगवरची चुकलेली रेघ खरवडायचं ब्लेडसुद्धा टेबलावर मांडायचं. दुसऱ्या दिवशी पूजा. आमचे ड्राफ्ट्समन काका वयाने सगळ्यांत मोठे, त्यामुळे हळदकुंकवाची वाटी त्यांच्या हातात. प्रिंटच्या खोलीतला अमोनियाचा उग्र वास त्या एका दिवशी झेंडूपुढे नमतं घ्यायचा.

१९९३ साली या मांडामांडीत एक संगणक येऊन बसला. त्यावर ऑटोकॅड, रिलीज १२, डॉसवर चालणारं. काळा पडदा, त्यावर रेघा. 'एल' दाबून एंटर केलं की रेघ सुरू. नकाशा थोडा मोठा असला की 'रिजन' व्हायला, म्हणजे सगळं चित्र पडद्यावर नव्याने उमटायला, इतका वेळ लागायचा, की आम्ही खाली अमृततुल्यात चहा पिऊन यायचो आणि पडदा अजून रेघा ओढतच असायचा. कोणी कुरकुरलं नाही. क्लायंटने जिना हलवायला सांगितला तरी पुरं ट्रेसिंग नव्याने काढायचं नाही, एवढ्यावरच आम्ही खूश होतो. ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा काकांनी संगणकाला चक्क हात जोडले.

त्या ऑटोकॅडला एक लॉक होतं. काडेपेटीपेक्षा थोडं मोठं, संगणकाच्या मागे प्रिंटरच्या पोर्टात बसणारं. ते लावल्याशिवाय प्रोग्रॅम उघडायचाच नाही. किंमत ऐकून आमचे डोळे फिरले होते, म्हणून ऑफिसचे प्रमुख, आमचे सर, रोज रात्री ते काढून खिशात घालून घरी न्यायचे. आसपासच्या कित्येक ऑफिसांत 'कॉपी' बिनधास्त चालायची, पण सर त्या बाबतीत कर्मठ.

त्या वर्षी पूजेला काका अडून बसले. "सर, खिशातलं लॉक काढा. खरं हत्यार तेच." सरांनी हसत काढून दिलं. काकांनी त्याला असं भरघोस कुंकू लावलं, की ते पिनांमध्येच जाऊन बसलं! दसऱ्याची सुट्टी संपल्यावर आम्ही फुंकर मारमारून ते साफ केलं आणि श्वास रोखून पोर्टात बसवलं. ऑटोकॅड उघडलं. काकांनी लगेच पेढे मागवले.

पुढे कळलं की अमेरिकेत हे लॉक १९८६ सालीच गेलं होतं. तिथल्या गिऱ्हाइकांनी आरडाओरडा केला आणि ऑटोकॅड बनवणाऱ्या ऑटोडेस्कने माघार घेतली. जॉन वॉकर आणि त्यांच्या सोबत्यांनी १९८२ साली काढलेली ही कंपनी तेव्हा लहान होती, गिऱ्हाइकाचं ऐकून घेणं तिला भाग होतं. २००२ साली तिने रेव्हिट हे इमारतीचं त्रिमितीय मॉडेल करायचं सॉफ्टवेअर १३.३ कोटी डॉलरला विकत घेतलं आणि आर्किटेक्टची दोन्ही हत्यारं एकाच दुकानात आली. २०१६ साली या दुकानाने कायमचा परवाना विकणं थांबवलं. तेव्हापासून नवीन घ्यायचं तर भाड्याने.

२०२० च्या जुलैत घरात कोंडून बसलो असताना एका पत्राबद्दल वाचलं. झाहा हदीद आर्किटेक्ट्स, ग्रिमशॉ अशा ब्रिटनमधल्या नामांकित कचेऱ्यांनी ऑटोडेस्कचे प्रमुख अँड्र्यू अ‍ॅनॅग्नोस्ट यांना ते जाहीरपणे लिहिलं होतं. तक्रार साधी होती. खर्च वाढत चाललाय, परवान्याच्या पद्धती सारख्या बदलतायत आणि रेव्हिट आहे तिथेच आहे. संगणकात आठ-आठ कोअर असले तरी बरीचशी कामं ते एकाच कोअरवर ढकलतं. आर्किटेक्टच्या गरजेच्या सुधारणांचा वेग हवा तसा नव्हता, हे अ‍ॅनॅग्नोस्टनी उत्तरात कबूल केलं. किमतीची तक्रार मात्र मान्य केली नाही. दोन वर्षांनी उत्तर युरोपातल्या आर्किटेक्टांनी तसंच पत्र लिहिलं.

वाचताना मला आमचं ते लॉक आठवलं. ते ऑटोकॅड महागडं होतं, संथ होतं, पण त्याचं लॉक रात्री सरांच्या खिशात असायचं. चहा संपेपर्यंत रिजन चाललं तरी राग आला नाही, कारण पैसे एकदाच मोजले होते आणि वस्तू आपली होती. भाडं दरवर्षी मोजणारा माणूस मात्र दरवर्षी विचारणारच, की यंदा घरात नवीन काय केलंत? लंडनच्या त्या मोठ्या लोकांनी हेच विचारलं, आणि त्यात त्यांचं काही चुकलं असं मला वाटत नाही.

काका आता नाहीत. त्यांचा टी-स्क्वेअर माझ्याकडे आहे. यंदाही खंडेनवमीला त्याला झेंडूचं फूल वाहिलं. तीस वर्षांत त्याचं नूतनीकरण एकदाही करावं लागलेलं नाही.