एका पुस्तकातून दुसऱ्या पुस्तकाकडे

कथा-कादंबऱ्यांतील आवड वाचकाला आधीपासून ठाऊक नसते. वाचलेल्या पुस्तकांतूनच ती हळूहळू कळत जाते. प्रस्तुत लेखकाला ती तालुक्याच्या गावातील सार्वजनिक वाचनालयात कळली. तिथे एका वेळी एकच पुस्तक घरी नेता येई. सुरुवात रहस्यकथांनी झाली. खुनी सापडला की त्या पुस्तकाची ओढ संपे.

व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ (१९५५) मात्र परत करण्याआधी दुसऱ्यांदा वाचली गेली. माणदेशातील धनगरांच्या वाडीत आलेला तरुण मास्तर आणि अखेर दुष्काळाने ओस पडणारी ती वाडी, एवढेच कथानक. पण पाऊस, मेंढरे आणि माणसे यांची नशिबे तिथे एकत्र बांधलेली आहेत. प्रदेश बदलला तर घडणारी गोष्टही बदलेल, अशीच कादंबरी आपल्याला हवी असते, हे तेव्हा लक्षात आले.

पुढचा शोध याच खुणेवर चालला. श्री. ना. पेंडसे यांच्या ‘गारंबीचा बापू’ने (१९५२) कोकणात नेले, तर उद्धव शेळके यांच्या ‘धग’ने (१९६०) वऱ्हाडात. वाचनालयातील ‘धग’च्या शेवटच्या पानावर परतीच्या तारखांचा कागद डकवलेला होता, त्यावरचा अखेरचा शिक्का कित्येक वर्षांपूर्वीचा होता. कपाटात मागे पडलेली पुस्तके मुद्दाम काढून पाहण्याची सवय तेव्हापासून लागली. या कादंबरीतील वऱ्हाडी संवाद सुरुवातीला जड गेले. ते मोठ्याने वाचल्यावर नायिका कौतिकचे बोलणे कानात बसले आणि पुस्तक खाली ठेववेना.

नवे पुस्तक शोधण्याची आणखी एक वाट अनुवादातून सापडली. आवडत्या लेखकाने स्वतः कोणते परके पुस्तक मराठीत आणले, हे पाहणे फार उपयोगी ठरते. जी. ए. कुलकर्णी यांच्या कथांमागून त्यांनी अनुवादिलेली कॉनरॅड रिक्टर यांची ‘रान’ ही कादंबरी हाती आली. अमेरिकेतील ओहायोच्या घनदाट अरण्यात वस्ती करणाऱ्या कुटुंबाची ही कहाणी. ना ओळखीची झाडे, ना ओळखीचा पाऊस. तरी ‘बनगरवाडी’ वाचताना लागली होती तीच ओढ इथेही लागली.

तोवर या आवडीला ‘ग्रामीण कादंबरीची आवड’ असे नाव दिले गेले होते. ते अपुरे होते. माणूस एखाद्या जागी तग कसा धरतो, हे सांगणारी गोष्ट या वाचकाला हवी असते. मग ती जागा माणदेशात असो वा ओहायोत.