न्हाणीघर नवं केलं, आता सांडपाण्याचं बघा

ऊस-सोयाबीन बाजूला ठेवून आज न्हाणीघराचं लिहितोय. हसू नका, गोष्ट शेवटी मातीवरच येणार हाय.

जुनं न्हाणीघर पाडायचं ठरलं तसे पोरानं पुण्यावरनं मोबाईलवर फोटो पाठवले. हॉटेलातल्या स्पासारखं : पांढराशुभ्र टब, काचेचं पार्टिशन, चकचकीत फरशी. दिसायला झकास. पण टब भरायला दीडशे-दोनशे लिटर पाणी, आणि बादलीची आंघोळ २० लिटरात होते. त्यात आईचं वय ८२. दीड-दोन फुटांचा काठ ओलांडून ती टबात उतरणार कशी? तिला विचारलं तर म्हणाली, "आरं, बसून न्हाता आलं आन् उठताना कुणाला हाक मारावी लागली न्हाई, म्हंजी झालं." आराखडा तिथंच ठरला.

फरशी खरबरीत घेतली. दुकानदार गुळगुळीत दाखवत होता, म्हटलं तिच्यावर जरा साबणाचं पाणी टाकून चालून दाखव. उतार फुटाला पाव इंच, म्हणजे पाणी साचत नाही आणि शेवाळ धरत नाही. भिंतीला लागून दीड फूट उंचीचा कट्टा बांधला, वर शहाबादी. कट्ट्याशेजारी स्टीलचा दांडा, तो भक्कम भिंतीत बोल्टनं पक्का केलाय. नुसत्या टाईलवर चिकटवलेला दांडा माणसाचं वजन घेत नाही. आणि दार बाहेर उघडणारं. आत कोण पडलं तर दारामागं अडकतं, ढकलून उघडता येत नाही. हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही.

संगमेश्वरजवळ तुरळ-राजवाडीला गरम पाण्याची कुंडं आहेत. तिथं गुडघ्यापर्यंत पाय सोडून बसल्याची आठवण आई अजून काढते. म्हणून कट्ट्यापुढं पाय बुडवायला जुनं घंगाळ ठेवलंय आणि हातात धरायचा शॉवर लावलाय. एवढाच आमचा स्पा. तांब्याचा बंब मोडीत घालवला नाही, बाहेर पत्र्याखाली ठेवलाय. मक्याची बुरकुंडं असली की तोच पेटतो. एरवी गिझर. २५ लिटर पाणी २० डिग्रीवरनं ६० वर न्यायला सव्वा युनिटाच्या आसपास वीज जाते. गिझरला अर्थिंग आणि ३० मिलीअँपिअरचा ब्रेकर हवाच, तिथं काटकसर नको.

आता मातीचं. गवंडी म्हणाला, भिंतीलगत मीटरभर शोषखड्डा मारू. मुरमाड रानात तो चालतो. आमची काळी माती भिजली की फुगते, वाळली की भेगाळते, आणि पाणी मुरता मुरत नाही. पाया हलायला तेवढं पुरतं. म्हणून न्हाणीचं पाणी पाईपनं ४० फूट लांब नेलं. मधे साबणाचा गाळ बसायला छोटी टाकी, पुढं कर्दळ, अळू आणि चार केळी. संडासाचं पाणी यात अजिबात सोडलेलं नाही, त्याची टाकी वेगळी.

केळी जोमात आहेत, पण त्यावर मी खूश होऊन बसलो नाही. साबणात आणि धुण्याच्या सोड्यात सोडियम असतंय. निचरा नसलेल्या काळ्या मातीत ते साठलं की माती चोपण होते, ओली असताना चिकट, वाळली की दगड. वाळवा-शिरोळकडं नदीकाठची रानं खारपड-चोपण झालेली आपण बघतोच. तिथं कारण जास्त पाणी आणि निचऱ्याचा अभाव हे, पण माती बिघडते ती अशीच. म्हणून धुण्याचं पाणी केळीला न देता वेगळं काढलंय आणि पाईपाला वळवायची सोय ठेवलीय, दर महिन्याला पाणी दुसऱ्या आळ्यात जातं. पावसाळा संपला की एक फुटापर्यंतची माती तपासायला देणार. सामू आणि विनिमययोग्य सोडियम बघून मगच जिप्समचं ठरवीन.

कृषीवाल्या मित्रांनो, घरच्या सांडपाण्यावर काळ्या रानात तीन-चार वर्षं केळ घेतलेली कुणी असेल तर मातीचे आकडे टाका. आणि केळीऐवजी नेपियर लावावं का, तेही सांगा.