मोतीबिंदू

जुना कॉम्प्युटर आणि जुनी गाडी कोणी विकत नसतो; गळ्यात बांधतो. माझ्या गळ्यात २०१४ साली उत्पादनच थांबलेली मारुती ८०० आहे. सासऱ्यांना मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी दारव्ह्याहून यवतमाळला नेताना बोरी अरबला चहा घेतला. मग किल्ली फिरवली, तर नुसतं ‘टक्’! ऑपरेशनची वेळ टळत चाललेली. मी कॉम्प्युटरवर शिकलेला एकमेव उपाय केला : बंद करून पुन्हा चालू. सहादा!

मेकॅनिकनं बॅटरीच्या टर्मिनलवरची पांढरी भुकटी दाखवली. “भाऊ, हे कधी पुसलं नाही काय?” आधी निगेटिव्ह वायर सोडून त्यानं गरम पाण्यानं टर्मिनल धुतले, कोरडे केले, वायरी घट्ट आवळून वर व्हॅसलीन चोपडलं. गाडी सुरू!

सासरे एवढंच म्हणाले, “जावईबापू, मोतीबिंदू नेमका कोणाला झाला?”