हललेला फोटो

आमच्या घरात ‘हललेला’ हे विशेषण दोनच गोष्टींना लागते : दाताला आणि फोटोला. दोहोंबाबत पुढचा विचार काढून टाकण्याचाच असतो! त्यामुळे माझा पुतण्या रस्त्याकडेला उभा राहून मुद्दाम हललेले फोटो काढतो, हे ऐकून वडीलमंडळींना काळजीच वाटली.

हिशेब मात्र त्याचा पक्का आहे. ताशी ३६ किलोमीटर वेगाची मोटार सेकंदात १० मीटर जाते. शटर सेकंदाच्या हजाराव्या भागापुरते उघडले, तर ती जेमतेम सेंटिमीटरभर सरकते आणि दाराशी उभी करून ठेवल्यासारखी दिसते. तिसाव्या भागात ती फूटभर जाते. कॅमेरा स्थिर असेल तर मोटार फरफटते. तिच्याबरोबर वळला तर ती स्वच्छ येते, आणि झाडे, दुकाने, माणसे यांचे आडवे पट्टे होतात.

झाक-आंरी लार्तिग या फ्रेंच पोराने काढलेला शर्यतीच्या मोटारीचा फोटो १९१२ साल घालून छापला जातो. त्याच्या शटरची फट काचेवरून सरकत जाई, म्हणून चाक पुढे झुकून लंबगोल झाले. कॅमेरा वळत होता, म्हणून बघे मागे रेलले. त्याने तो वाया गेला समजून बाजूला टाकला. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने १९६३ साली त्याच्या फोटोंचे प्रदर्शन भरवले, तेव्हा स्वारी सत्तरीला टेकली होती.

आमच्या ताईच्या पाठवणीचाही असा एक फोटो आहे. फोटोग्राफरने तो अल्बमात न लावता सुटाच दिला होता. दिवेलागणीची वेळ, फुलांनी मढवलेली अँबॅसडर, मागच्या काचेतून वळून पाहणारी ताई. ती स्पष्ट, फाटकाशी उभे असलेले आम्ही पार पुसलेले. बाबा त्यानंतर फार वर्षे नव्हते. ‘त्यांच्या डोळ्यांत टिपूस आला नाही,’ असे नातलग अजून कौतुकाने सांगतात.

परवा पुतण्याने तो फोटो भिंगाखाली धरला.

“काका, शटर फार हळू होतं. सगळ्यांचे पट्टे सरळ आडवे आहेत बघा. आजोबांचा तेवढा खाली उतरलाय. ते हलले होते.”

आई वाती वळत होती. मान वर न करता म्हणाली,

“पायरीवर बसले ते. मीच धरलं होतं.”