जोडीची चाल

घोड्याच्या कदमचाल, दुडकी आणि भरधाव या तीन चाली आपल्याला ठाऊक आहेत. यातली कमी दमवणारी कोणती, असे विचारले तर आपण चटकन म्हणू, कदमचाल. पण तसे नाही. १९८१ साली हॉइट आणि टेलर या अमेरिकन शास्त्रज्ञांनी लहान चणीचे घोडे फिरत्या पट्ट्यावर चालवून त्यांना लागणारा प्राणवायू मोजला. प्रत्येक चालीचा आपला एक वेग असतो. त्या वेगात गेले तर कोसभर जायला लागणारी शक्ती तिन्ही चालींत जवळजवळ सारखीच! दुडकीच्या वेगाला कदमचाल ताणली, की शक्ती जास्त जाते. मोकळा घोडा तो स्वस्त वेग आपणहून धरतो.

प्रयोग बैलांवर नव्हता, पण वाचताना मला समुद्रपूरची आमची गवळाऊ जोडी आठवली. गवळाऊ ही वर्धा-नागपूरकडची जात, पांढरी, अंगाने हलकी, दुडकीसाठी नावाजलेली. मराठ्यांच्या फौजांचे सामान ती झपाट्याने नेई, असे सांगतात. दमणीला जुंपली, की आमची जोडी न सांगता दुडकी धरी आणि बाबा कासरा सैल सोडीत.

कापसाची बंडी निराळी. १९७२ साली एकाधिकार खरेदी सुरू झाली आणि पुढे हिंगणघाटला बंड्यांच्या रांगा लागू लागल्या. नंबर लवकर लागावा म्हणून पुष्कळजण भरल्या बंडीचे बैल पळवीत. थोरला भाऊ म्हणे, "बाबा, मारा ना तुतारी, लोकं समोर चालले."

"जाऊ दे त्यायले. बैल सोताच चाल सांगते."

एकदा पुढे गेलेल्यांतली एक जोडी वाटेतच दिसली. एक बैल बसलेला, तोंडाला फेस, धनी डोक्याला हात लावून. भर हंगामात बैल गेला म्हणजे सालभर दुसऱ्याच्या दारात उभे राहणे आले. बाबांनी आमच्या बादलीतले पाणी त्याच्या पाठीवर ओतले. बैल उठला, पण पुन्हा जड ओझ्याला टिकला नाही. आमचा नंबर रात्री लागला.

२०१४ ची बंदी उठून शंकरपट पुन्हा भरू लागले आहेत. पटाची धाव काही सेकंदांची. तिथे दमाचा हिशेब लागत नाही. रस्त्याची जोडी घेताना बाबा ती रिकाम्या दमणीला जुंपून, तुतारी न लावता दोन कोस नेत. दोघांची दुडकी एकदमच सुरू झाली तरच सौदा. एक दुडकीत आणि दुसरा अजून चालीतच असला, तर कितीही देखणी असो, जोडी परत करीत.